तीन टवके

वडूजला, येरळेच्या अलीकडे, भाड्याच्या खोलीत
मी दगड काढते.
काढते म्हणजे कागदावर. मातीतून दुसरे काढतात.
उजेड डावीकडून धरायचा, हा आमचा नियम,
आणि घाव जिथून आला तिथून
लाटांसारख्या बारीक रेघा
टवक्याच्या पोटात सोडत जायच्या.
रेघा चुकल्या की घाव उलटा होतो,
मग लाखो वर्षांपूर्वीचा माणूस
स्वतःच्याच बोटांवर मारताना दिसतो.

नोंद एकशे सतरा. हातकुऱ्हाड. काळा पाषाण.
वाळूवाल्यांनी उघड्या पाडलेल्या दरडीत सापडली,
विड्याच्या पानासारखी निमुळती, तळहातात मावेल एवढी.
अठ्ठावीस टवके मोजले.
पंचवीस गव्हाळ, त्यांच्यावर काळाची जाड साय.
उरलेले तीन, उजव्या कडेचे, अजून निळसर.
साय त्यांच्यावरही आहे,
पण दुपारच्या चहाच्या दुधावर धरते तेवढीच.

म्हणजे कुणीतरी ही घडवली, वापरली, टाकली.
नदीने पुरली, नदीनेच उकरली.
आणि पहिल्याची हाडंसुद्धा माती विसरून गेल्यावर
दुसऱ्या कुणीतरी ती उचलली,
तीन घाव घातले
आणि ठेवून दिली.

शिकलगार सर म्हणाले, नांगराचा फाळ लागला असेल.
फाळ एकदा लागतो सर, एका रांगेत तीनदा नाही.
शिवाय फाळाचा घाव कोरा असता. साय नसती.
मग पुरातल्या गोट्यांनी.
गोटे पुढच्या घावासाठी कड घासून ठेवत नाहीत.
ती कड तयार आहे, भिंगाखाली स्वच्छ दिसते.
चौथा घाव तेवढा नाही.
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"तूर्त प्रश्नचिन्ह टाक."

मंगळवारी गल्लीत हाक आली,
टाकीऽऽ लावायची का, पाट्याला टाकी.
मालकीणबाईंनी गॅसच्या टाकीमागे उभा केलेला पाटा
ओढत बाहेर आणला.
तिमव्वा पायरीवर बसली. टक टक टक,
गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा दात फुटू लागले.

मी आतून एकशे सतरा आणली.
असं करायचं नसतं.
तिने ती डोळ्यांनी नाही, अंगठ्याने पाहिली.
कड थुंकी लावून ओली केली, मी ओरडणारच होते.
"ह्यो दोघांचा हाय," ती म्हणाली.
मी काहीच सांगितलं नव्हतं.
"पयल्याला घाई न्हवती.
दुसऱ्याचा हात नवा. पर नजर चांगली."

मग थांबला का तो?

तिने हातोडी मांडीवर ठेवली.
"माझ्या सासूनं टाकी लावल्याला पाटा कुठं गावला
तर म्या बी थांबते वाईच.
तिचं टिपकं वळखू येत्यात.
त्येच्यावर मारायचं म्हंजी…"
पुढचं बोलली नाही. दगड माझ्या हातात दिला,
पदराने हात पुसले.
"न्हायतर जेवाय हाक मारली आसंल कुणी.
वीस रुपये झालं बाई, सुट्टं द्या."

न मारलेल्या घावाला आमच्यात खूण नाही.
तुटलेल्या टोकाला तुटक रेघ असते,
झिजलेल्या कडेला ठिपके,
हरवलेल्या भागाला कोरी जागा.
पण इथे काही हरवलेलंच नाही.

रात्री ताटात शेंगदाण्याची चटणी आली.
टाकी लावल्यावरचं पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं,
मालकीणबाईंना ते आठवलं नाही,
किंवा शेंगदाण्याचा भाव आठवला.
दाताखाली कच लागली.

चित्र सोमवारी सातारला द्यायचं आहे.
बाकी सगळं शाईत झालं.
उजव्या कडेला मी अजून पेन्सिलच ठेवली आहे.